अनुभव धागा: नुकतंच संपवलेलं पुस्तक (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी सगळ्यांनी यावं)

टिळकवाडीची
परवा सिटी बसमध्ये पुढच्या सीटवर एक पोरगा आज्जीला शाळेतलं काहीतरी सांगत होता. दम न घेता, मध्येच कन्नड, मध्येच मराठी. आज्जी नुसतं 'हं, हं' करत मेथीची पेंडी सांभाळत होती. घरी आले ती चप्पल काढून थेट कपाटाशी. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' काढलं आणि संपवूनच ठेवलं.

कॉलेजात वाचलं तेव्हा खदाखदा हसले होते. या वेळी हसू कमी आलं. पुस्तकातला पोरगा, लंपन, आईबाबांपासून लांब, आज्जी-आजोबांकडं राहतोय. कुठं गळा काढत नाही. गावभर हिंडतो, दिसेल त्यात रमतो, आणि त्या रमण्याच्या खालीच सगळं दडलेलं आहे. लेखकाचे वडील, कवी ना. मा. संत, 1946 साली गेले, तेव्हा लेखक जेमतेम नऊ वर्षांचा. ते डोक्यात ठेवून वाचलं की काही पानांवर थांबावंच लागतं. गल्ल्या, हवा, बोलणं तर सगळं आपल्याकडचंच.

तुम्ही काय संपवलंत? अर्धवट टाकलेलंही चालेल.

निपाणीकर
लंपन म्हटलं की आमच्यात वाद सुरू. बायको म्हणते 'शारदा संगीत' भारी, मी म्हणतो 'वनवास'. पोरगी म्हणते दोघंही गप्प बसा, मॅच बघू दे.

खानापूरचा पाऊस
भैरप्पांची कन्नड कादंबरी 'पर्व'. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद. चार दिवस लाईट येऊन-जाऊन, दुसरं करणार काय.

महाभारत आहे, खरं देव नाही, वर नाही, शाप नाही. सुरुवातच म्हाताऱ्या शल्यापासून. नातीचं लग्न, शुल्क किती घ्यायचं याची घरात चर्चा. म्हणजे अगदी आपल्या पाहुण्यांतली बैठक. मग कुंती, भीम, द्रौपदी एकेक जण मागचं आठवत जातात. युद्ध आलं की शौर्य बाजूला. एवढ्या माणसांना खायला काय घालायचं, प्रेतांचं काय करायचं, वास किती सुटला, हेच. जेवताना वाचू नका.

मधली शंभरेक पानं रेटावी लागली, ते सांगून टाकतो. प्रत्येकाची आठवण तेवढीच लांब कशाला? द्रौपदीची मात्र एक ओळ कमी नको.

आणि उमाताई मूळच्या बेळगावच्या. नवरा कन्नड वाचून दाखवणार, त्या मराठीत उतरवणार. आमच्या घरी मी पेपर मोठ्यानं वाचला तरी 'मनात वाचा' म्हणून आवाज येतो.

अनगोळ नाका
😂😂 शेवटची ओळ घरोघरी
बाकी पाऊस किती आहे तिकडं? जांबोटीचा रस्ता चालू आहे का? रविवारी जायचंय

खानापूरचा पाऊस
रस्ता चालू आहे, खड्डे पण चालू आहेत.

शहापूरची सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. 'रणांगण', विश्राम बेडेकर. एवढंसं पुस्तक, 1939 चं. हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, बोट पूर्वेला चाललीय, त्यात आपला चक्रधर आणि ती हर्टा. मला हर्टापेक्षा चक्रधरचा राग जास्त आला. मुंबईला उतरायचं ठरलेलंच होतं की बाबा तुझं! मग कशाला? शेवटी ती पत्रं

शिट्टी झाली. येते.

निपाणीकर
शेवट सांगू नका, माझं व्हायचंय.

अनगोळ नाका
पंच्याऐंशी वर्षं काय करत होतात मालक

अथणीचा मास्तर
आमच्याकडं पाऊस नाही. ढग दिसतात, येत नाहीत. खानापूरवाल्यांनी जरा पाठवून द्या.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' परत वाचली. पहिल्यांदा वाचली ती डीएडला, परीक्षेपुरती. आता स्वतः वाडीवरच्या शाळेत आहे, तेव्हा पोरं मेंढरामागं गेल्यामुळं रिकामी शाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. माडगूळकर एक वाक्य जास्त लिहीत नाहीत. मास्तर गावाला धरून तालीम बांधतो, राजा उद्घाटनाला येतो, वाटतं आता चांगलं होणार. मग दुष्काळ. माणसं एकेक करून उठून जातात आणि कुणाचं कुणावर ओरडणं नाही. मला तो कारभारी फार आवडतो. रुसला तरी रुबाबात. आमच्या एसडीएमसीत (शाळेच्या समितीत) असा एक तरी पाहिजे होता, असो.

टिळकवाडीची
मास्तर, 'असो'च्या पुढचं ऐकायचं होतं 🙂

अथणीचा मास्तर
बाई, नोकरी आहे अजून.

वडगावची माई
मी नवीन काही वाचत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नातू मोठ्या अक्षरात करून देतो त्या मोबाईलवर, मला जमत नाही. पु. लं.च्या 'गणगोत'मधले बेळगावचे रावसाहेब तेवढे दर वर्षी. आमचे जावई पुण्याचे. बेळगावचा माणूस शिवी देतो ती लाडानं, हे त्यांना काही केल्या पटेना. म्हटलं हे वाचा. तेव्हापासून मला फोन करताना स्वतःच एखादी देऊन बघतात. जमत नाही त्यांना. हेल येत नाही.

इंदिराबाई संतांच्या कवितांचं 'गर्भरेशीम' पण आहे उशाशी. ते रोज एकच पान.

अनगोळ नाका
माई 🙏 शिवी ऐकायला रविवारी येऊ काय?

वडगावची माई
ये की रे मेल्या. येताना कुंदा आण. जांबोटी कुठं पळून जात नाही.

शहापूरची सून
आले. भात थोडा लागला. 'पर्व' कुणी वाचायला देईल का? वाचनालयात नंबर लावलाय, कधी येतोय देव जाणे.

खानापूरचा पाऊस
शनिवारी बेळगावात येतोय, घेऊन येतो. खरं ताई, भाताजवळ घेऊन बसू नका. पुस्तक बायकोचं आहे.