हार्डवूडच्या जमिनीवरील ओरखडे: तेल लावावे की सँडिंग करावे?

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल (इलिनॉय, अमेरिका)

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आराशीसाठी आम्ही दिवाणखान्यातील सोफा आणि जेवणाचे टेबल भिंतीकडे सरकवले होते. विसर्जनानंतर सामान जागेवर आणले तेव्हा रेड ओक लाकडाच्या जमिनीवर पुष्कळ पांढुरके ओरखडे उमटलेले दिसले. त्यांतील दोन तर हातभर लांब आहेत. एका परिचितांनी खोबरेल तेल चोळण्यास सुचवले, दुसऱ्यांनी अक्रोडाचा गर घासण्यास सांगितले, आणि ज्या कारागिराला घरी बोलावले त्याने पाच मिनिटांत पाहणी आटोपून संपूर्ण खोलीचे सँडिंग (जमीन यंत्राने घासून वरचा थर काढणे) करावे लागेल असे सांगितले. दिवाळीच्या फराळाला मंडळी यायची आहेत. सँडिंग खरोखरच आवश्यक आहे का, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.

प्रेषक: सभासद, ऑरोरा

सप्रेम नमस्कार.

आपण अद्याप तेल लावले नसेल तर कृपया लावू नका. मेण, चकाकी आणणारे फवारे आणि तेलयुक्त साबण यांच्याबाबतही माझे हेच सांगणे आहे. ओरखडा चार दिवस दिसेनासा होतो, परंतु राहिलेल्या तेलकटपणामुळे पुढे पॉलियुरेथेनचा (लाकडावरील पारदर्शक संरक्षक लेपाचा) नवा थर नीट धरत नाही, आणि जे काम एका नव्या थरात झाले असते त्यासाठी लाकूड उघडे पडेपर्यंत जमीन घासावी लागते. आमच्या पहिल्या घरात मी स्वतः असे तेल लावले होते आणि त्याचा खर्च सोसला आहे.

मुख्य प्रश्न असा की ओरखडा वरच्या थरात आहे की लाकडात. रेड ओक सागाहूनही कठीण असतो (लाकडाचा कठीणपणा दाखवणाऱ्या जांका मापनात रेड ओक १२९०, साग सुमारे १०००), पण आपण ज्यावर चालतो तो असतो जेमतेम कागदाच्या जाडीचा पॉलियुरेथेनचा थर, आणि बहुतेक ओरखडे तेवढ्यातच थांबतात. ओरखड्यावरून नख आडवे फिरवून पाहा. नख अडकत नसेल, आणि मिनरल स्पिरिट्समध्ये (रंग पातळ करण्याच्या ज्वालाग्राही द्रवात) किंचित ओलावलेले फडके फिरवल्यावर पांढरी रेघ तेवढ्यापुरती नाहीशी होत असेल, तर लाकडाला इजा झालेली नाही असे समजावे. ही तपासणी खिडक्या उघड्या ठेवून, समई-निरांजनापासून दूर करावी.

लाकूड अखंड आहे की वर पातळ पापुद्रा चिकटवलेले आहे, हे पाहण्यासाठी जमिनीतील हीटिंगच्या व्हेंटची जाळी उचलून फळीची कड बघावी. अखंड फळी बहुधा पाऊण इंच जाडीची असते आणि ती अनेकदा घासता येते. पापुद्रा पातळ असल्यास एकदा घासणेही धोक्याचे ठरते.

इजा थरापुरतीच असेल तर कारागिराकडे संपूर्ण सँडिंगऐवजी ‘स्क्रीन अँड रीकोट’ची चौकशी करावी. यात बफरला (जमीन घासण्याच्या फिरत्या यंत्राला) घासण्याची बारीक जाळी लावून फक्त वरचा थर खरखरीत करतात आणि त्यावर नवा थर देतात. कारखान्यातच ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर दिलेली फळी असेल तर साधी जाळी पुरत नाही, म्हणून हे त्याला आधी विचारावे. नख अडकणारी खोल खाच असेल तर जुळत्या रंगाचा वुड फिलर (लाकडातील खाच भरण्याचा लगदा) नव्या थरापूर्वीच भरून घ्यावा. टच-अप मार्कर वापरायचा झाल्यास एक छटा फिका घ्यावा आणि लगेच पुसावा, कारण उघडे पडलेले तंतू रंग शोषून अपेक्षेपेक्षा गडद होतात. अक्रोडाने अपाय फारसा होत नाही, पण उपायही तात्पुरताच.

आता प्रतिबंधाविषयी. फर्निचरपेक्षा त्याच्या पायाखाली अडकलेली कचच अधिक नुकसान करते. आपल्या घरांत ती हिवाळ्यात बुटांबरोबर येते, आणि सणांच्या दिवसांत रांगोळीतूनही येते, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. रांगोळी थेट जमिनीवर न काढता मोठ्या पाटावर किंवा ताटात काढावी, आणि सांडलेली पूड फडक्याने न पुसता व्हॅक्यूमने ओढावी; मात्र त्याचा फिरता ब्रश बंद ठेवावा. फेल्टचे (नमद्यासारख्या जाड कापडाचे) चिकट तुकडे खुर्च्यांच्या पायांना लावावेत, पण दर दोन-तीन महिन्यांनी उलटून पाहावेत, कारण खडे रुतलेले फेल्ट सँडपेपरसारखेच काम करते. खिळ्याने ठोकलेले फेल्ट झिजले की खिळ्याचे डोकेच जमिनीला लागते. चौरंगाच्या पितळी पायांनाही फेल्ट लावावे. जड सामान हलवताना दोघांनी एक बाजू उचलावी, खाली घडी घातलेली स्वच्छ गोधडी सरकवावी आणि मग तीच ओढावी. व्हिनाइलच्या पाठीची चटई मात्र टाळावी, तिचा डाग कायमचा बसू शकतो.

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

आपले मनःपूर्वक आभार. आज सकाळी तपासणी केली. व्हेंटपाशी फळी अखंड आणि पाऊण इंचाची आढळली. बहुतेक रेघा फडके फिरवताच नाहीशा झाल्या. नख अडकते ते केवळ त्या दोन लांब ओरखड्यांत. सोफ्याच्या पायाखालचे फेल्ट उलटून पाहिले तेव्हा त्यात गुलाबी रांगोळीचे कण रुतलेले होते. दुसऱ्या कारागिराकडून रीकोटचा अंदाज मागवला आहे. नव्या थरावर गालिचा अंथरण्यापूर्वी डब्यावर लिहिलेली मुदत पूर्ण व्हायला हवी, असे त्याने स्वतःहून सांगितले. म्हणून हे काम आम्ही दिवाळीनंतर करणार आहोत. तोवर त्या दोन रेघांवर काहीही लावणार नाही.