शब्दचर्चा : ‘वसतियोग्य’ ग्रह म्हणजे नक्की कशाला योग्य?

अनुस्वार : ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या ग्रहांवरचा एक लेख तपासतेय. ‘हॅबिटेबल’साठी लेखकाने एकाच लेखात राहण्यायोग्य, वसतियोग्य आणि जीवसृष्टीस अनुकूल असे तीन शब्द वापरलेत. पुढे ‘खडकाळ बहिर्ग्रहाच्या हवामानाचे प्रारूप’ असंही आहे. काय ठेवू, काय बदलू?

उंबरठा : वसतियोग्य ठेवा. आटोपशीर आहे, वसतिगृहामुळे कानाला ओळखीचाही आहे.

काळा कातळ : वसतिगृहामुळेच नको! वसति म्हटलं की माणसं आली. असा ग्रह सापडल्याची बातमी आली की आमच्या नात्यातले एक काका हमखास विचारतात, ‘प्लॉट कधी काढताय?’

या क्षेत्रात शब्दाचा अर्थ अगदी अरुंद आहे: ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकेल का, एवढंच. तिथे जीव आहेत का, ऑक्सिजन आहे का, हे त्यात येत नाही. आणि नुसतं ताऱ्यापासूनचं अंतर मोजून तेवढंही कळत नाही. पृथ्वीचंच बघा. सूर्याची उष्णता आणि परावर्तन एवढाच हिशेब केला तर तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. प्रत्यक्षात सरासरी १५ अंशांच्या जवळ आहे, कारण मध्ये हवा आहे. म्हणून हवामानाची मॉडेल्स, म्हणजे हवेचं वागणं संगणकावर मांडणारी गणितं, लागतात.

१९९३ मध्ये जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांनी हवेचा एकच उभा स्तंभ धरून, ताऱ्याभोवती ज्या पट्ट्यात पाणी द्रवरूपात टिकू शकेल, त्याच्या कडा काढल्या. २०१३ मध्ये रवी कोप्परापू आणि सहकाऱ्यांनी तेच गणित सुधारलं, तर सूर्याजवळची कड ०.९९ खगोलीय एककावर आली (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर). म्हणजे आपण जेमतेम आत! त्याच वर्षी जेरेमी लकाँत यांच्या गटाने त्रिमितीय मॉडेल चालवलं आणि कड ०.९५ वर सरकली. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना कोरडी हवा खाली उतरते, तिथून उष्णता अवकाशात सहज निसटते. एका स्तंभात हे दिसणारच नाही. पृथ्वी जागची हलली नाही, पट्टा हलला. म्हणून शब्दात ‘ठरू शकेल’ची छटा हवी. माझं मत ‘जगण्याजोगा’. त्यात माणूस नाही, हमीही नाही.

उंबरठा : ‘आता जगण्याजोगं काय उरलंय’ असं आमची आजी म्हणायची. अर्थ वेगळाच लागेल.

पंचांगप्रेमी : ‘बहिर्ग्रह’ मात्र काढाच. पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे, म्हणजे मंगळापासून पुढचे ग्रह, याच अर्थाने तो शब्द रुळलाय. ‘परग्रह’ लिहिलंत तर मंगळही त्यात येतो. पहिल्यांदा ‘सूर्यमालेबाहेरचा ग्रह’, मग ‘बाह्यग्रह’.

फाइलवाली : प्रारूपही नको. प्रारूप मतदार यादी, प्रारूप आराखडा... सरकारी मराठीत प्रारूप म्हणजे मसुदा, हरकती मागवायला ठेवलेला. सरळ मॉडेल लिहा.

अनुस्वार : बाह्यग्रह आणि मॉडेल पक्कं. ‘हवामान’चं काय? उद्याच्या पावसालाही हवामान आणि शेकडो वर्षांच्या सरासरीलाही हवामानच.

काळा कातळ : गंमत म्हणजे या विषयात तो गोंधळ फारसा बाधत नाही. २०१७ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी बी या, सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या ग्रहाचा अभ्यास ज्या मॉडेलने झाला, ते ब्रिटिश हवामान खात्याचं. लंडनला उद्या पाऊस आहे का हे सांगायलाही तेच वापरतात. त्यात तारा, ग्रहाचा आकार, फिरण्याचा वेग आणि हवेतले वायू बदलायचे. ‘हवामान’ राहू द्या. गरज पडेल तिथे ‘दीर्घकालीन’ जोडा.

दुर्बीण : लेखात ‘भरतीबद्ध ग्रह’ आहे का? असला तर समजावून सांगा. ट्रॅपिस्ट-१ सारख्या लाल बटू, म्हणजे छोट्या आणि मंद ताऱ्यांच्या अगदी जवळचे ग्रह बहुधा चंद्रासारखी एकच बाजू ताऱ्याकडे ठेवतात. मी ‘एकतोंडी’ म्हणतो. (एकमुखी म्हटलं की रुद्राक्षाच्या जाहिराती सुरू होतात.) रात्रीच्या बाजूला हवा गोठून जमिनीवर पडेल, ही पूर्वी मोठी शंका होती. १९९७ मध्ये मनोज जोशी आणि सहकाऱ्यांनी मॉडेलने दाखवलं की कार्बन डायऑक्साइडची बऱ्यापैकी विरळ हवासुद्धा पुरेशी उष्णता पलीकडे वाहून नेते. २०१३ मध्ये जून यांग यांच्या गटाने आणखी भर घातली: दिवसाच्या बाजूला ऐन डोक्यावर दाट ढग जमतात, ऊन परतवतात, त्यामुळे ग्रह ताऱ्याच्या आणखी जवळ असला तरी चालतो.

उंबरठा : मग शास्त्रज्ञच म्हणतायत ना योग्य आहे! शब्दाला एवढं का अडायचं?

दुर्बीण : कारण ढगांवरच एकमत नाही. ट्रॅपिस्ट-१ ई हा ग्रह घेऊन चार वेगवेगळ्या मॉडेलांना मुद्दाम एकच माहिती भरवली गेली. निकाल २०२२ मध्ये आले. पाणी असलेल्या ग्रहाच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक ढगांमुळे पडला. आणि तिथली हवा ही मुळात आपण मॉडेलमध्ये घातलेली. त्याच ताऱ्याच्या सर्वांत आतल्या बी ग्रहाची दिवसाची बाजू जेम्स वेब दुर्बिणीने मोजली, ती सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली. दाट हवेचं चिन्ह नाही. तो निकाल २०२३ चा. ई वर हवा आहे की नाही, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

अनुस्वार : मग असं लिहिते: ‘हवा आणि पाणी असेल असं धरलं, तर हा बाह्यग्रह जीवसृष्टीस अनुकूल ठरू शकतो, असं हवामानाची मॉडेल्स सांगतात.’ पट्ट्याला ‘जगण्याजोगा पट्टा’, उंबरठा यांच्या आजीची क्षमा मागून.

काळा कातळ : वाक्य उत्तम. मथळा आधी बघून घ्या, तिथे ‘दुसरी पृथ्वी’ नक्की बसली असेल.

अनुस्वार : बसलीय. उद्गारचिन्हासकट.