मदत हवी आहे: रेड स्टार बेलग्रेडची लीग टायटल्स ३५ की ३६? आणि १९९१ ची गोष्ट पोरांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी, इथे जुनं फुटबॉल बघितलेली बरीच जण आहेत म्हणून विचारतोय. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या ज्युनियर पोरांना मी अधूनमधून प्रोजेक्टर लावून एकेका क्लबची गोष्ट सांगतो, यावेळी सर्बियातला रेड स्टार बेलग्रेड घेतलाय. पोरांना त्यांचं एवढंच माहितीय की २०१८ ला त्यांनी लिव्हरपूलला २-० ने हरवलं, पावकोवने दोन गोल मारले आणि त्याच सीझनला लिव्हरपूल युरोपचं चॅम्पियन झालं. मला मात्र पोरांना त्याच्या मागचं सगळं सांगायचंय, कारण पूर्व युरोपातल्या दोनच क्लबांनी युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकलाय, १९८६ ला स्टेआउआ बुखारेस्ट आणि १९९१ ला हे, आणि यांची टीम तर युगोस्लाव्हिया देश फुटत असताना जिंकली.

पहिली अडचण आकड्यांची. २०२५ पर्यंतची लीग टायटल्स क्लब ३६ सांगतो. मी वहीत वर्षं मांडली तर जुन्या युगोस्लाव्हियाची १९, नंतरच्या छोट्या युगोस्लाव्हिया आणि सर्बिया-माँटेनेग्रोची ५, २००७ पासून सर्बियन लीगची ११, म्हणजे ३५ च होतात. एक कुठलं राहिलं? आणि १९९२ चं कुठे धरायचं, तेव्हा तर क्रोएशिया-स्लोव्हेनियाचे क्लब लीग सोडून गेले होते ना?

दुसरं, व्हिडिओ कुठला दाखवू? बारीची फायनल (२९ मे १९९१, समोर फ्रान्सचा मार्सेय क्लब) पूर्ण दाखवली तर पोरं कंटाळणार हे नक्की. १२० मिनिटं ०-० आणि मग टायब्रेकर ५-३. एवढी अॅटॅकिंग टीम, पांचेव, साविचेविच, प्रोसिनेचकी असे प्लेयर, आणि त्यांनी अख्खी मॅच मागे बसून काढली. का, हे पोरांना पटेल असं कसं सांगायचं?

तिसरं सगळ्यात अवघड आहे. १३ मे १९९० ला क्रोएशियातल्या झाग्रेबच्या मॅक्सिमिर स्टेडियमवर तिथल्या दिनामो आणि रेड स्टारच्या सपोर्टरमध्ये जी दंगल झाली, आणि रेड स्टारच्या 'देलिये' सपोर्टरमधली काही जण पुढे आर्कान या सर्ब निमलष्करी टोळीच्या म्होरक्याच्या हाताखाली बंदुका घेऊन युद्धात गेली, ते १४-१५ वर्षांच्या पोरांना सांगायचं का? मला वाटतं सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे पण पेठेपेठेत ईर्षा असते, मॅच संपल्यावर काय होतं ते पोरं डोळ्यांनी बघतात. पण कुठपर्यंत सांगावं ते समजत नाहीये. प्लीज मदत करा.

प्रतिसाद, जुनाविंगर:
तुमचं राहिलेलं एक १९४६ चं आहे. क्लब स्थापन झाला ४ मार्च १९४५ ला, युद्ध संपता संपता, आणि १९४६ ला अख्ख्या देशाची लीग नव्हती, प्रत्येक रिपब्लिकची वेगळी होती, त्यातली सर्बियाची यांनी जिंकली. क्लब ती धरतो. युगोस्लाव्ह लीगचं पहिलं टायटल १९५१ चं. १९९२ चं जुन्या १९ मध्येच ठेवा, लीगचं नाव तेच होतं, पण त्या ओळीपुढे 'क्रोएशिया-स्लोव्हेनियाचे क्लब गेल्यावर' असं लिहा, नाहीतर पोरांना वाटेल सगळं नेहमीसारखंच चाललं होतं.

व्हिडिओसाठी फायनल सोडा, त्याच कपची जर्मनीच्या बायर्नविरुद्धची सेमीफायनल घ्या, दोन मॅचेसची. म्युनिकमध्ये बायर्नने आधी गोल मारला, मग पांचेव, मग साविचेविच, २-१. बेलग्रेडला मिहाइलोविचची फ्री किक आत गेली, मग बायर्नने दोन मारले, एक तर रेड स्टारचा गोलकीपर स्तोयानोविचच्या अंगाखालून सुटलेला. दोन्ही मॅच मिळून ३-३, एक्स्ट्रा टाइम समोर दिसतोय. आणि ९० व्या मिनिटाला मिहाइलोविचने डावीकडून क्रॉस टाकला, तो बायर्नच्या ऑगेनथालरच्या पायाला लागून वर उडाला आणि त्यांचाच गोलकीपर आउमानच्या डोक्यावरून जाळ्यात. हा एक गोल चार वेळा दाखवा.

फायनलबद्दल, कोच ल्युप्को पेट्रोविचने मार्सेयचा खेळ बघून ठरवलं होतं की आपण पुढे गेलो तर ते काउंटरवर मारणार, म्हणून बॉल द्या आणि टायब्रेकरपर्यंत न्या. प्लेयरनी नंतर हे उघड सांगितलंय. टायब्रेकर मात्र पूर्ण दाखवा, मार्सेयच्या अमोरोसची पहिलीच पेनल्टी स्तोयानोविचने अडवली, रेड स्टारने पाचही मारल्या, शेवटची पांचेवने.

प्रतिसाद, स्टॉपर४:
तिसऱ्याचं उत्तर टीममध्येच आहे. प्लेयर कुठले ते नकाशावर दाखवा. पांचेव आणि नायदोस्की मॅसेडोनियाचे, साविचेविच माँटेनेग्रोचा, प्रोसिनेचकी नंतर क्रोएशियाकडून खेळला, बेलोदेदिच रोमानियाचा (१९८६ चा स्टेआउआचा कप पण त्याच्याकडे), आणि मिहाइलोविच क्रोएशियातल्या बोरोवोचा, व्हुकोव्हारच्या शेजारचा, बाप सर्ब आई क्रोएट. बारीच्या आधी महिनाभर सुद्धा नाही, मे १९९१ च्या सुरुवातीला त्याच भागात, बोरोवो सेलोला, गोळीबारात माणसं मेली. हे पोरांना कळतं, वेगळं समजावावं लागत नाही. आर्कानचं नाव घ्या, त्याच्यावर युद्धगुन्ह्यांचा आरोप ठेवला गेला तेही सांगा, फोटो दाखवू नका.

डिसेंबर १९९१ ला टोकियोत चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप घेतला, साविचेविचला रेड कार्ड बसून दहाच जण राहिले तरी. पण युरोपातल्या घरच्या मॅचेस तेव्हा युद्धामुळे हंगेरी-बल्गेरियात खेळाव्या लागत होत्या. टीम पांगली, प्रोसिनेचकी तर १९९१ च्या उन्हाळ्यातच रिअल माद्रिदला गेला होता, मग १९९२ ला साविचेविच मिलान, पांचेव इंटर.

आपल्याकडचा धागा पण जोडा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ हरवलं त्यात राजको मितिचचे गोल होते, ज्याचं नाव आज रेड स्टारच्या स्टेडियमला आहे. आणि १९८४ च्या एशियन कपला आपला कोच असलेला मिलोव्हान चिरिच १९५० च्या दशकात रेड स्टारचा कोच होता.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, १९४६ चं कोडं सुटलं. चिरिचचं तर अजिबातच माहिती नव्हतं, सुरुवात तिथूनच करतो. आता फक्त एक, बायर्नची बेलग्रेडची मॅच पूर्ण आणि बऱ्या क्वालिटीत कुणाकडे आहे का? माझ्याकडे आहे त्यात नव्वदाव्या मिनिटाला बॉल ऑगेनथालरला लागतो तेच नीट दिसत नाही. मॅसेज करा, पेन ड्राइव्ह घेऊन येतो.