मत समान, उतारा कानडीत

‘प्रत्येकाच्या मताचे मूल्य समान असेल, तर निवडून आलेल्या सत्तेच्या अधिमान्यतेवर शंका घेता येत नाही’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी कलम ३५०-ब आले खरे. परंतु त्यानुसार नेमलेला अधिकारी चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो, आदेश देऊ शकत नाही. शिवाय कलम ३ प्रमाणे राज्याची सीमा बदलताना संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते (तेही संसदेवर बंधनकारक नाही), तिथे राहणाऱ्यांचे थेट मत घेण्याची तरतूदच नाही.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील आमच्या गावी माझे मराठी भाषक वडील प्रत्येक निवडणुकीत न चुकता मत देत आले. जमिनीचा उतारा मात्र कानडीत येतो, आणि तो वाचून घेण्यासाठी त्यांना कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याला पैसे द्यावे लागत. वारसा नोंदीत एक नाव चुकले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. मी पुढे कन्नड शिकलो, त्यामुळे तो खर्च वाचला. गरीब कन्नड भाषक शेतकरीही त्याच रांगेत ताटकळतो, हे मान्य. पण आपला अर्ज का फेटाळला, हे त्याला निदान स्वतः वाचता येते.