गावच्या शाळेचा निधी आणि खर्रा

प्रेषक: प्राजक्ता (कार्यकारिणी)
विषय: चिमूरच्या शाळेसाठी निधी

नमस्कार मंडळी,

आपल्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक यंदा चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यातल्या शाळेला द्यायची, हे मागच्या बैठकीत ठरलंच आहे. व्यसनमुक्तीसाठी काही करा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलंय. तंबाखूविरोधी फलक, प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा आणि बक्षिसं असा आमचा विचार आहे. सूचना असतील तर रविवारपर्यंत कळवा.

प्राजक्ता

———

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: चिमूरच्या शाळेसाठी निधी

प्राजक्ता, पैसे चिमूरकडे जाताहेत याचा फार आनंद झाला, माझं माहेर त्याच बाजूचं. पण ते फलकांवर खर्च होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. का, ते जरा सविस्तर लिहिते.

आजोबांच्या पिढीत बिडी होती, नाहीतर चुना-तंबाखू. पोरं खायची, पण मोठ्यांच्या नजरेआड. नव्वदच्या दशकात गुटख्याच्या पुड्या आल्या. गोड वासाच्या, चिल्लर पैशांत मिळणाऱ्या, किराणा दुकानात गोळ्यांच्या बरण्यांवर माळेसारख्या टांगलेल्या. खाणाऱ्यांचं वय तिथून खाली घसरलं. राज्याने २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २० जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पुड्या दुकानाच्या दर्शनी भागातून गेल्या, पण आपल्याकडे त्यांची जागा घ्यायला खर्रा आधीपासूनच तयार होता.

आपल्या ई-मेल यादीवर पुण्या-मुंबईची मंडळी बरीच आहेत, त्यांच्यासाठी खर्रा म्हणजे काय ते सांगते. पानठेल्यावर सुपारीचा बारीक चुरा घेतात, त्यात तंबाखू आणि चुना घालतात, पाण्याचा हबका मारतात. मग ते सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन तळहाताने जोर लावून घोटत राहायचं. चुरा ओलसर होऊन एकजीव झाला की पन्नीला रबर लावून गिऱ्हाइकाच्या हातात. आता घोटायला मोटरवरची यंत्रंही आली आहेत. बंदी असलेला सुगंधित तंबाखूही त्यात सर्रास पडतो. एक पन्नी मित्रामित्रांत वाटून खातात, त्यामुळे पहिल्यांदा तोंडात टाकणाऱ्या पोराला खिशात पैसे असावे लागत नाहीत.

इथे ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१२ पासून सिगरेटची सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची झाली. भारतातही १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असतो. खर्ऱ्याला पाकीटच नाही, मग चित्र छापणार कुठे? जे पोरगं फक्त खर्रा खातं, त्याच्यापर्यंत तो इशारा कधी पोचतच नाही.

मी नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात शिकत असताना भिवापूरकडचा एक मुलगा आला होता, विशीही न गाठलेला. तक्रार एवढीच की तिखट सोसत नाही. ठेचा सुटला होता, भाकरी सुटली होती, वरणात कालवलेला भात तेवढा जायचा. एरवी आपली तीन बोटं उभी तोंडात जातात, त्याची दोन मुश्किलीने जात होती. गाल फुगव म्हटलं तर फुगवता येईना. आतून बोट फिरवलं तर अस्तर पांढुरकं, टणक, आणि दोरीसारखे पट्टे हाताला लागत होते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मुख्य कारण सुपारी, म्हणजे बिनतंबाखूची सुगंधी सुपारीही निर्धोक नाही. आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही आणि यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या अशा १,००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याच्या मागेपुढे किती आले असतील!

ही मुलं तोंड मिटायला लागल्यावर येतात. त्याआधी कुणीतरी टॉर्च घेऊन त्यांचं तोंड बघायला हवं. पैसे तिथे लावू या.

वैशाली

———

प्रेषक: दिवाकर
विषय: उत्तर: चिमूरच्या शाळेसाठी निधी

चि. वैशालीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण बेटा, शाळेने केलेलं काम असं बाजूला सारू नकोस. मी आर्वीकडे जन्मभर मास्तरकी केली. एके काळी मास्तरच वर्गातल्या पोराला तंबाखू आणायला पिटाळत. आज तसं करून दाखवायची कुणाची हिंमत नाही. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आली, अठराखालच्यांना विकायला बंदी आली. तंबाखूमुक्त शाळेचे निकष आले. त्यातलं पुष्कळसं कागदावर राहिलं हे खरं, तरी वातावरण बदललं.

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांमधला २००८ चा एक अभ्यास आहे. महिनाभरात तंबाखूचं काही ना काही घेतलेले किशोरवयीन मुलगे त्यात ६८ टक्के निघाले, मुली १२ टक्के. ते वाचून मला झोप आली नव्हती. आता देशाचे आकडे बघ. १५ ते २४ वयात तंबाखू घेणारे २००९-१० मध्ये १८.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये १२.४. शाळेतल्या १३ ते १५ वयाच्या मुलांत २००९ मध्ये १४.६ टक्के, २०१९ मध्ये ८.५. ही उतरण आपोआप झालेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीमागे, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यामागे, पोरं ‘खर्रा-दारू घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत गावभर फिरतात तेव्हा ओसरीवर बसलेल्या बापाला ते ऐकावंच लागतं. प्रभातफेरी म्हणजे वाया गेलेली सकाळ नव्हे.

दिवाकर

———

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: चिमूरच्या शाळेसाठी निधी

काका, नमस्कार. शाळांचं श्रेय पूर्ण मान्य आणि उतरणही खरी. पण २०१९ ची ती पाहणी शाळेत बसलेल्या मुलांची आहे. दहावीत नापास झालेला, सेंट्रिंगच्या कामावर नाहीतर ट्रॅक्टरवर जाणारा पोट्टा त्यात मोजलाच जात नाही. खर्रा सगळ्यात जास्त त्याच्या तोंडात असतो.

दुसरं असं, की महाराष्ट्रात त्याच २००९-१० ते २०१६-१७ या काळात बिडी-सिगरेट ओढणारे ६.६ टक्क्यांवरून ३.८ वर आले. चघळणारे मात्र २७.६ वरून २४.४ वर. धूर झपाट्याने ओसरला, तोंडातली गोळी तशी हलली नाही.

आणि २०१९ च्या पाहणीतलाच एक आकडा मला सगळ्यात जास्त छळतो. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी तो दहावा वाढदिवस व्हायच्या आत सुरू केला होता. म्हणजे तिसरी-चौथीत! त्या वयात वाईट संगत कुठून येणार? ते घरातूनच येतं. बाप पोराला ठेल्यावर पाठवतो, ‘एक खर्रा घेऊन ये’. पोरगं पन्नी उघडून वास घेतं, चिमूटभर तोंडात टाकतं. पोरीला आजी आपल्या डबीतली नस, म्हणजे तंबाखूची पूड, देते दात घासायला, छत्तीसगडच्या बाजूला गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाचा लगदा. तिकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मजुरीबरोबर खर्राही द्यावा लागतो, नाहीतर बाया दुसऱ्याच्या बांधीत जातात. भूक मरते, पोट साफ होतं, दाढ दुखत नाही, हे घरोघरी ऐकायला मिळतं. चौथीतल्या मुलाने चित्रकला स्पर्धेत कॅन्सरचा राक्षस सुंदर रंगवला, तरी संध्याकाळी ठेल्यावर त्यालाच जायचं आहे.

म्हणून फेरी जरूर काढू या, तिला पैसे लागत नाहीत. निधी तोंडतपासणीला देऊ या. शाळेत आणि आठवडी बाजाराच्या दिवशीही, म्हणजे शाळा सोडलेली पोरंही सापडतील. बचत गटाच्या बायांशी बोलणं तेवढंच गरजेचं. लेकराला ठेल्यावर पाठवायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनावर घेतली तरी पुष्कळ.

वैशाली

———

प्रेषक: निखिल
विषय: उत्तर: चिमूरच्या शाळेसाठी निधी

काका, ताई, नमस्कार. भंडाऱ्याकडे माझ्या चुलतभावाचा पानठेला आहे, म्हणून लिहितो.

तो बी.ए. झाला, नोकरी लागली नाही, ठेला टाकला. चहा-बिस्किटांवर त्याचं घर चालत नाही, खर्ऱ्यावर चालतं. लहान पोरांना देऊ नको म्हणून मी त्याच्याशी भांडलो, तर म्हणाला, ‘मी नाही देल्लं तं बाजूचा देते. पोट्टा बी बिघडते अन् गिऱ्हाईक बी जाते.’ त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पुढे ग्रामसभेने सगळ्याच ठेल्यांना एकदम ताकीद दिली, बापाने पाठवलं असलं तरी लेकराच्या हातात खर्रा द्यायचा नाही. तेव्हा तो लगेच तयार झाला, कारण नुकसान त्याच्या एकट्याचं होणार नव्हतं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था आणि शासन मिळून चालवतात त्या मुक्तिपथ अभियानाचाही भर गावाने मिळून ठरवण्यावरच आहे.

लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे ठेलेवाल्यांना माहीतच नसतं. पोलिसांआधी सरपंचाने ते सांगावं. मुख्याध्यापकांना विचारा, ग्रामसभेत हा विषय घेता येईल का? माझा भाऊ चिमूरला येऊन ठेलेवाल्यांशी बोलायला तयार आहे. त्यांच्यातल्याच माणसाचं ते ऐकतील.

निखिल

———

प्रेषक: प्राजक्ता (कार्यकारिणी)
विषय: उत्तर: चिमूरच्या शाळेसाठी निधी

मंडळी,

मुख्याध्यापकांशी फोनवर बोलले. फलकांची कल्पना सोडून देतोय. दिवाकरकाका म्हणतात तशी फेरी मारबतीच्या दिवशी निघेल, मुलांच्या घोषणा काकांनी लिहून द्याव्यात. तोंडतपासणीसाठी वैशालीताई नागपूरच्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारताहेत. टॉर्च, तोंडात धरायचे आरसे, हातमोजे आणि डॉक्टरांची ने-आण एवढा खर्च मंडळाचा. ग्रामसभेचं सरपंचांच्या कानावर घालतो असं सर म्हणाले, निखिलच्या भावाचा नंबर त्यांनी मागून घेतलाय.

एक प्रश्न उरतो. तपासणीत ज्यांचं तोंड आखडलेलं निघेल त्यांना नागपूरला वारंवार जावं लागेल, रोजी बुडेल, सोबत एक माणूस लागेल. शिल्लक रकमेत हे बसत नाही. यासाठी वेगळे पैसे देऊ इच्छिणाऱ्यांनी मला रविवारच्या आत लिहावं, म्हणजे सरांना नक्की काय ते सांगता येईल.

प्राजक्ता