'आनुवंशिक' की 'जनुकीय'?

विचारणा (परळ, मुंबई): लहान मुलांच्या 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' या लहान रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराविषयी पालकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहे. पायांवर व नितंबांवर हाताला लागणारे जांभळट पुरळ, सांधेदुखी, पोटात कळा आणि काही मुलांत मूत्रपिंडावर परिणाम, असे त्याचे स्वरूप असते. 'यामागे आनुवंशिक कारणे असू शकतात' हे मसुद्यातील वाक्य वाचताच एका आजींनी सुनेकडे पाहत, 'आमच्या घराण्यात असलं काही नाही हो,' असे सुनावले. शब्द बदलावा काय?

उत्तर १: अवश्य बदलावा, 'कारणे' हा शब्दही काढावा. 'आनुवंशिक' म्हटले की वाचकाच्या मनात थॅलॅसेमियासारखा आईवडिलांकडून उतरणारा आजार येतो. येथे तसे एकच सदोष जनुक नाही. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या, प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचे काही प्रकार, विशेषतः त्यांतील डीआरबी१ या जनुकाचा ०१ हा गट, आजारी मुलांत अधिक आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. भूमध्य समुद्राभोवतालच्या लोकांत एमईएफव्ही या, शरीरातील सूज आटोक्यात ठेवण्याशी संबंधित जनुकातील बदलांचाही संबंध दिसला आहे. परंतु हेच प्रकार असंख्य निरोगी माणसांतही असतात, आणि आजार बहुधा सर्दी-घशाच्या संसर्गानंतर डोके वर काढतो. म्हणून 'जनुकीय कल' हा शब्द मला योग्य वाटतो. 'प्रवणता' अचूक आहे, पण माहितीपत्रकात जड होईल.

उत्तर २: सहमत आहे, मात्र मूत्रपिंडाच्या परिच्छेदात 'आनुवंशिक' सरसकट खोडू नये. आयजीए१ या प्रतिपिंडावरील शर्करासाखळ्यांत गॅलॅक्टोज कमी असले, तर त्याचे समुच्चय मूत्रपिंडाच्या गाळणीत साचून तिला सूज येते. असे सदोष प्रतिपिंड मूत्रपिंडबाधित मुलांच्या धडधाकट नातेवाइकांच्या रक्तातही वाढलेले आढळले आहे. म्हणजे गुणधर्म आनुवंशिक, आजार नव्हे. हा भेद वाक्यात स्पष्ट यावा.

आणखी एक सूचना. 'रक्तवाहिनीदाह' हा शब्द एकदाच द्यावा व पुढे 'रक्तवाहिन्यांना आलेली सूज' असेच लिहावे, कारण 'दाह' वाचून घरोघरी उष्णतेवरचा सब्जा भिजत पडतो. 'किडनी खराब होणे' तर नकोच. त्यावरून पालक थेट डायलिसिसपर्यंत पोहोचतात. बहुतेक बाधित मुलांत लघवीतून डोळ्यांना न दिसणारे रक्त किंवा थोडे प्रथिन जाते व ते कालांतराने थांबते.

विचारणाकर्ता: आभारी आहे. सुधारित मजकूर असा: 'काही मुलांमध्ये या आजाराकडे जनुकीय कल असतो, तो कल असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही. पुरळ गेले तरी मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसू शकतो, म्हणून लघवीची तपासणी व रक्तदाबाची नोंद किमान ६ महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी.'

उत्तर १: 'व्यक्तींना' ऐवजी 'मुलांना' करा, बाकी छापायला हरकत नाही.