मदत हवी आहे: जुलैअखेर उत्तर स्पेन, मुक्काम ओव्हिएदोत की यानेसला?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चौघे स्पेनला जातोय. त्यातले दोघे सत्तरीपुढचे, एकीचे गुडघे दुखरे. विमान माद्रिदला, परतीचंही तिथूनच. तिकिटं काढून झालीत. पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं.

दक्षिणेकडची सेव्हिया-कोर्दोबा ही शहरं आधीच बाद केली. दुपारी चाळिशी सहज ओलांडते, म्हणजे नागपूरचा मे महिना झाला! सान सेबास्तियान त्या दिवसांत खिशाला परवडत नाही, आणि २५ जुलैच्या संत याकोबाच्या सणामुळे सान्तियागो या तीर्थक्षेत्री खोल्या मिळणं मुश्कील. म्हणून उत्तर किनाऱ्यावरचे आस्तुरियास-कांताब्रिया हे शेजारी प्रांत: ओव्हिएदो ही आस्तुरियासची राजधानी, समुद्रापासून आत; यानेस हे तिथलंच किनाऱ्यावरचं छोटं गाव. हवा पंचविशीच्या आसपास, पाऊस मात्र कधीही.

माद्रिद-ओव्हिएदो वेगवान रेल्वे तीन तासांच्या थोडी वर, त्यामुळे तिथवर प्रश्न नाही. पुढे किनाऱ्याने जाणारी अरुंद रुळांची गाडी देखणी, पण सान्तान्देर (कांताब्रियाची राजधानी) ते ओव्हिएदो जवळपास पाच तास खाते. बस बरीच लवकर पोचते. कोवादोंगाच्या डोंगरातल्या तळ्यांकडे उन्हाळ्यात दिवसा खाजगी गाड्या सोडत नाहीत, पायथ्याच्या कांगास दे ओनीस गावाहून बस घ्यावी लागते, हे माहीत आहे. गाडी भाड्याने घेऊ शकतो (आंतरराष्ट्रीय परवाना आहे), पण ऑटोमॅटिकच हवी आणि ती महाग पडते.

कांताब्रियातल्या डोंगरांत वर नेणाऱ्या ‘फुएन्ते दे’ रोपवेची रांग ज्येष्ठांना झेपेल का? नसेल तर तो वगळून, गाडी न घेता, ओव्हिएदोत राहून समुद्र आणि तळी दोन्ही दिवसभरात परत येऊन होतात, की यानेसलाच मुक्काम करावा? आणि यानेसमध्ये शाकाहारी जेवणाचं काय?